आत्या आणि त्यांचा लिंब

परवा शेजारच्या घरात नवे भाडेकरू आले. टेम्पो रिकामा झाल्यावर त्या बाई कंपाउंडपाशी येऊन मला म्हणाल्या, "ताई, अंगणात हा एवढा खड्डा कशाचा हो? बुजवून टाकला तर चालंल ना?"

"झाड होतं तिथं," मी म्हटलं. "बुजवा की."

आणि घरात आले. पण मग दिवसभर माझं डोकं फिरलेलं. भाजीत मीठ दोनदा पडलं, नवऱ्यावर उगाच ओरडले. झाड होतं म्हणे! ज्या झाडापायी एक बाई आमच्या डोळ्यांदेखत झिजत गेली, त्याची अशी वासलात लावायची? म्हणून हे लिहायला बसले.

ते घर आत्यांचं. त्या आमच्या कुणाच्याच सख्ख्या आत्या नव्हत्या. नाव कौसाबाई, माहेर-सासर दोन्ही हसनाबादच्या बाजूचं. धनगराघरची बाई, लहानपण मेंढरांमागं गेलेलं. नवरा, म्हणजे अण्णा, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते म्हणून नव्या जालन्यात आलेल्या. कॉलनीतली पोरं आधी त्यांना आत्या म्हणायला लागली, मग पोरांच्या आया, मग दूधवाला, आणि शेवटी त्यांचा स्वतःचा मुलगा संजयसुद्धा. उंच, हाडापेरानं मजबूत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि हातात लोखंडी पहार. या वयात लोक काठी घेतात. आत्या पहार घेऊन हिंडायच्या.

आमची कॉलनी म्हणजे स्टेशनच्या पलीकडे रान मोडून पाडलेले प्लॉट. वर थोडी माती, खाली मुरूम. होळी आली की वारं सुटतं ते मिरगापर्यंत थांबत नाही. दारं आपटतात, वाळत घातलेल्या चादरी पलीकडच्या गल्लीत सापडतात, डाळीच्या डब्यातही धूळ निघते. नळाचं पाणी कधी येईल ते नळालाच ठाऊक. अशा जागी रोप जगवणं अवघड, हे सगळे मानतात. पण एकदा झाड मोठं झालं की ते आपलं आपण जगतं, त्याला काय करायचंय, अशी सगळ्यांची समजूत. आत्यांचं भांडण याच समजुतीशी. "तुमच्यात म्हाताऱ्या माणसाला जेवायला देत न्हाईत का?" असं त्या विचारायच्या, आणि विचारून झाल्यावर खरंच उत्तरासाठी थांबायच्या. फार अवघड व्हायचं ते.

माझी त्यांची ओळख बोलणी खाऊनच झाली. आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. फाटकाजवळ जुना शिरीष होता, उन्हानं मलूल झालेला. मी धुण्याची बादली उचलली आणि त्याच्या बुंध्याशी रिकामी केली. पलीकडून आवाज आला, "काय करून राह्यली गं?"

"पाणी घालतेय."

"कोणाला? खोडाला? ते काय खोडानं पितंय का?" आत्या फाटक ढकलून आत आल्या, बादली हातातून घेतली आणि तिचा वास घेतला. "आन् साबणाचं! अगं माय! उद्या तुझ्या चहात साबण टाकू का?" मग मला हाताला धरून भर उन्हात जिथं शिरीषाची सावली संपत होती तिथं नेलं आणि पहार जमिनीत मारली. "हितं त्याचं तोंड हाय. सावली सरती तिथं. हितं चर काढ, खोलवर ओल जाऊ दे, मंग बरेच दिस त्याच्याकडं बघू नको. रोज चूळभर पाणी दिलं की मुळ्या वरीच राहत्यात. वारं आलं की झाड उताणं."

मी शिक्षिका आहे, रागावून घ्यायची मला सवय नाही. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

तऱ्हा तरी किती! कॉलनीत कुणी पाचोळा पेटवला की धूर दिसायच्या आत आत्या हजर. सगळा पाचोळा पाट्यांनी उचलून झाडांखाली पसरायच्या. लोक म्हणायचे, आत्या, कचरा होतोय. आत्या म्हणायच्या, "तुझी गोधडी उन्हाळ्यात तू जाळती का?" वटपौर्णिमेला बायका वडाला दोरा गुंडाळून घरी गेल्या की ह्या संध्याकाळी विळा घेऊन जायच्या आणि तो सगळा दोरा कापून काढायच्या. एकदा सासूबाईंनी हटकलं तर म्हणाल्या, "फेरे झाले ना? नवरा मिळाला ना? मंग आता सोडा की त्याला." कुणाच्या झाडात खिळा दिसला, जाहिरातीची तार दिसली की मालकाला न विचारता पक्कड चालवायच्या. झाडाला नमस्कार करताना मात्र मी त्यांना कधी पाहिलं नाही.

गल्लीत पेव्हर ब्लॉक बसवायला माणसं आली तेव्हाचा प्रकार तर मी शाळेला दांडी मारून पाहिला. ब्लॉक बसवत बसवत ती माणसं करंजाच्या बुंध्यापर्यंत आली. आत्यांनी फडक्यात बांधलेली भाकरी आणली आणि करंजाच्या मुळाशी फतकल मारून जेवायला बसल्या.

मुकादम म्हणाला, "आत्या, उठा. साहेबानं भिंतीपासून भिंतीपर्यंत सांगितलंय."

"साहेबाच्या गळ्याला गच्च टॉवेल आवळ, आन् मंग विचार त्याला, बराबर हाय का म्हणून."

"खर्चा वाढतो आत्या, काटछाट करायला."

"मंग बसव की माझ्यावरून. मी कुठं न्हाई म्हणून राह्यले?"

दुपार गेली, संध्याकाळ झाली. शेवटी मुकादमानं कपाळाला हात लावला आणि प्रत्येक झाडाभोवती मोकळा चौकोन सोडला. त्यानंतर आत्यांनी त्याच माणसांना घरी नेऊन भाकरी आणि ठेचा वाढला. ज्याच्याशी भांडलो त्याला उपाशी जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा नियम.

पण त्यांचं सगळंच बरोबर निघायचं असं नाही, हेही सांगायला हवं. त्यांच्या पलीकडच्या घरात पाटील सर राहतात, कॉलेजातून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. त्यांच्या फाटकासमोर गुलमोहर होता. सर म्हणत होते, आतून पोकळ झालाय, काढून टाकू. आत्या आडव्या आल्या. "फुलावर आलेलं झाड पाडतं का कोणी? बिलकुल न्हाई." वैशाखात एका दुपारी वावटळ उठली आणि तो गुलमोहर मधूनच मोडला. सरांची स्कूटर चेपली, कपड्यांच्या दोरीचा खांब वाकला. दोरीवरचे कपडे काढून सरांच्या बाई नुकत्याच आत गेल्या होत्या, म्हणून वाचल्या. लोक नाही नाही ते बोलले. आत्या ऊन उतरेपर्यंत रस्त्यावरच्या फांद्या एकट्या ओढत राहिल्या. त्या दिवसापासून पाटील सर त्यांच्याशी बोलायचे बंद झाले, आणि त्या दिवसापासून आत्यांना वाऱ्याची भीती बसली. वारं सुटलं की दाराची चौकट धरून उभ्या राहायच्या आणि एकेका झाडाकडे बघायच्या.

त्यांचा स्वतःचा कडुलिंब सगळ्यांत मोठा. आमच्याकडे त्याला लिंबच म्हणतात. प्लॉट पडायच्या आधी शेताच्या बांधावर होता तो. अण्णांनी घराचा नकाशा बदलला पण लिंब तोडला नाही. अर्धी सावली ह्यांच्या अंगणात, अर्धी पाटील सरांच्या छपरावर. उन्हाळ्यात आमच्या घरापेक्षा आत्यांचं घर कितीतरी गार असायचं. दुपारचा चहा मी तिकडेच प्यायचे.

अण्णा म्हणजे आत्यांच्या अगदी उलट. बोलणं कमी, मागणं त्याहून कमी. नोकरी संपल्यावर ते गावाच्या आठवणीनं कासावीस व्हायचे. मला एकदा म्हणाले, "गावात पार असतो बघा. माणूस येतं, बसतं, तंबाखू मळतं, उठून जातं. हितं कोणाकडं जायचं तर बेल वाजवावी लागती." मग त्यांना हृदयाचं दुखणं लागलं. डॉक्टरांनी हिंडणं-फिरणं बंद केलं, गुडघे तर आधीच गेलेले. तेव्हा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बायकोकडे काही मागितलं. "कौसे, लिंबाला पार बांधून दे."

आत्यांनी कितीतरी दिवस ऐकलं नाही. मागच्या गल्लीतल्या एकानं असाच पार बांधला तेव्हा आत्यांनी त्याची खरडपट्टी काढली होती. खोडाला माती चढवली की साल कुजती, पुरून टाकायला ते काय मेलंय का, म्हणून. आता तेच आपल्या दारात कसं करायचं? पण अण्णा दिवसेंदिवस खंगत चालले होते. शेवटी गवंडी आला. आत्यांनी मधला मार्ग काढला. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवून आतूनही विटांचं कडं करायला लावलं, म्हणजे माती खोडाला लागणार नाही. वर शहाबादी फरशी. पार झाला झकास.

पहिल्या संध्याकाळी अण्णा पारावर बसले. बसले आणि सवयीनं मागं रेलायला गेले, तर मागं तो मोकळा खळगा. पाठ टेकेना. तसेच वाकून बसून राहिले. आत्या दारातून बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं तर आत्या घमेल्यानं माती आणून त्या खळग्यात भरत होत्या. आतलं कडं फोडलेलं.

"आत्या, हे तुम्हीच नको म्हणता ना सगळ्यांना?"

"त्यांना पाठ टेकायला पाहिजे."

"मग तक्क्या द्या की."

"तक्क्याला घरात पलंग हाय. त्यांना लिंबाला टेकायचंय." माती पायानं दाबत त्या म्हणाल्या, "काढून टाकीन मंग. झाडाला दम असतो गं. माणसाला न्हाई."

त्यानंतरचे दिवस त्या घरातले चांगले दिवस होते, मी खोटं नाही बोलणार. अण्णा सकाळ-संध्याकाळ लिंबाला पाठ लावून बसायचे आणि खरोखरच माणसं यायला लागली. भाजीवाला टेकायचा, डेपोतले जुने सोबती यायचे. पाटील सरसुद्धा एके दिवशी येऊन बसले, आत्यांशी नाही पण अण्णांशी बोलले. आत्या चहा करून करून दमायच्या आणि कुरकुर करायच्या, पण त्या कुरकुरीत आनंद होता.

अण्णा पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी गेले. सगळी पाहुणेमंडळी त्याच पारावर बसली. दिवस झाल्यावर मी म्हटलं, आत्या, माती काढायची का? त्या म्हणाल्या, वर्षश्राद्ध होऊ दे. वर्षश्राद्ध झालं, मग म्हणाल्या दिवाळी होऊ दे. मग मी विचारणं सोडून दिलं. अण्णांची पाठ आणि डोकं टेकायचं तिथं सालीवर एक गुळगुळीत, तेलकट डाग पडला होता. दुपारचं जेवण आत्या त्या डागाशेजारी बसून करायच्या. डागावर टेकायच्या नाहीत. शेजारी.

मग लिंबाचा शेंडा वाळला. चैत्रात सगळ्या लिंबांना तांबूस पालवी फुटली, ह्याला फुटली ती पिवळी, बारकी. पुढच्या वर्षी एक मोठी फांदी गेली. आणि आत्या काय करत होत्या? पाणी घालत होत्या! टँकर मागवून त्या पारात सोडत होत्या, खोडाशी. ज्या बाईनं आख्ख्या कॉलनीला खोडाला पाणी घालू नका म्हणून वीट आणला ती बाई. मला इतका राग यायचा की काय सांगू. आणि त्या पाठमोऱ्या पाइप धरून उभ्या दिसल्या की रडू यायचं. त्यांना कळत नव्हतं असं थोडंच आहे? कळत होतं. पण पार फोडायचा म्हणजे अण्णांची बसायची जागा फोडायची, आणि नाही फोडला तर लिंब जाणार, ह्या दोन्हींच्या मध्ये ती बाई पाइप धरून उभी होती.

एका सकाळी पहारीचे घाव ऐकू आले. आम्ही धावत गेलो. आत्या पार फोडत होत्या. कुणाला हात लावू दिला नाही. फरशा निघाल्या, विटा निघाल्या, माती उपसली. खालचं खोड काळं पडलेलं. साल हाताला लागली तशी सुटून आली, ओला, आंबलेला वास सुटला. आत्यांनी पहारीचं टोक नुसतं टेकवलं तर ते भिजल्या भाकरीत जावं तसं आत गेलं. त्या पहार तशीच सोडून खाली बसल्या.

लाकूड तोडणारा भिकन म्हणून एक जण आहे, त्याला बोलावलं. त्यानं चारी बाजूंनी ठोकून पाहिलं. "एक अंग पार गेलंय आत्या. वाऱ्यानं पडंल. आन् पडंल तं सरांच्या घरावरच पडंल."

त्या संध्याकाळी पाटील सर फाटकात येऊन उभे राहिले. गुलमोहर पडल्यापासून पहिल्यांदा आत्यांशी बोलले. फार हळू बोलले. "आत्या, त्या खोलीत माझी नात झोपते."

"मला ठाऊक हाय, सर."

"मी पाडा म्हणत नाही."

"तुम्ही म्हणून न्हाई राह्यले, त्येच्यानं जास्ती लागतंय." आत्यांनी पदरानं तोंड पुसलं. "थोडे दिस पोरीला दुसऱ्या खोलीत निजवा. मी वझं कमी करून बघते. येवढं ऐका माझं."

सरांनी ऐकलं. मोठा माणूस. भिकननं सरांच्या बाजूच्या फांद्या हलक्या केल्या. आत्यांनी उघड्या बुंध्याला ऊन आणि वारा लागू दिला, कुजलेलं खरवडून काढलं, लांब सावलीच्या कडेला चर काढून जेमतेम ओल दिली. जे आधी करायला हवं होतं ते सगळं केलं. रोज उठून एका वाळक्या फांदीच्या टोकाला डोळा दिसतो का बघायच्या. मलाही बघायला बोलवायच्या. "हे हिरवं हाय का गं? माझी नजर गेली." एकदा मला खरंच हिरवं दिसलं. मी तसं सांगितल्यावर त्यांनी माझ्या हातावर गूळ ठेवला.

मग एका दुपारी पश्चिमेकडून वारं आलं. आभाळ मातीच्या रंगाचं झालं, पत्रे वाजायला लागले. मी खिडकीतून पाहिलं तर आत्या अंगणात, लिंबाच्या मुळाशी गुडघ्यावर बसलेल्या, दोन्ही तळवे जमिनीला लावलेले. मी ओरडले, "आत्या, आत या! वेड लागलंय का?" त्या हलल्या नाहीत. वारं शांत झाल्यावर मी गेले तर म्हणाल्या, "माती उचलती गं. झाड हललं की खालची माती वर येती आन् बसती. माझ्या हाताला कळलं." जरा वेळानं म्हणाल्या, "भिकनला फोन लाव. उद्या जल्दी ये म्हणावं."

"संजयला तरी पुण्याहून येऊ द्या."

"संजय आल्यानं मूळ धरंल का?"

लिंब पाडला त्या दिवशी त्या घरात बसल्या नाहीत. दोर कुठं बांधायचा, आधी कोणती फांदी, सगळं स्वतः सांगितलं. सरांच्या छपरावर एक काटकी पडू दिली नाही. कॉलनीमागच्या वस्तीतल्या शेळ्या बोलावल्या, पाला वाया जायला नको म्हणून. शेळ्या हिरवा पाला खात होत्या आणि आत्या त्यांना हाताशी घेऊन चारत होत्या, धनगराची पोर जशी चारेल तशी. अण्णांच्या पाठीचा डाग असलेला ओंडका भिकननं बाजूला काढून विचारलं, "हे ठेवू का आत्या?" त्या म्हणाल्या, "काहून? घेऊन जा. चुलीला होईल कोणाच्या." बुडखासुद्धा त्यांनी खणून काढायला लावला.

त्या रात्रीपासून पाटील सरांची नात परत आपल्या खोलीत झोपायला लागली.

पावसाळ्यात संजय येऊन आत्यांना पुण्याला घेऊन गेला. वरच्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली सगळं काँक्रीट. फोनवर त्या म्हणायच्या, "बरं हाय, वारं लागत न्हाई." पुढचा उन्हाळा त्यांनी पाहिला नाही. आम्हाला कळलं तेव्हा सगळं उरकून गेलं होतं.

मला त्या नेहमी दिसतात त्या लिंब पाडल्यानंतरच्या दुपारच्या. रस्त्यावर चिटपाखरू नाही, अंगण एवढं उजेडानं भरलेलं की डोळे दिपत होते. आत्या उपसलेल्या मातीशेजारी, आपल्या जेवणाच्या वेळेला, पदर डोक्यावर घेऊन बसल्या होत्या. पुढ्यात ताट नव्हतं. चेहरा लाल झाला होता, अण्णा गेल्यावरही न सोडलेलं कपाळावरचं कुंकू घामानं ओघळून नाकापर्यंत आलं होतं. मला राहवेना. मी आमच्या ओट्यावरून हाक मारली, "आत्या, असं काय करता? या ना इकडं, सावलीत या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हात वर करून मला थांबवलं.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "उन्हाची सवय करून राह्यले."